पोटमाळ्यावरच्या लाह्या: अमेरिकेतलं जुनं घर घेताना

मे महिन्यात आईबाबा यायचे होते. डोक्यावर पंखा गरगरत असल्याशिवाय आईला झोप येत नाही, बाहेर थंडी असो की पाऊस. इथल्या जुन्या घरांत बेडरूमच्या छताला पंखा तर सोडाच, धड दिवासुद्धा नसतो. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने शिडी लावली, छतातलं चौकोनी झाकण उचकटलं, डोकं आत घालून टॉर्च फिरवला आणि लगेच खाली आला. झाकण अगदी हलक्या हाताने परत बसवलं आणि म्हणाला, हे काम मी करणार नाही. मग मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. वाशांच्या मधल्या खणांत राखाडी-सोनेरी खडे भरलेले, ज्वारीच्या लाह्या जरा करपल्या तर दिसतील तसे. आणि त्या खड्यांत अर्धवट रुतलेला एक खोका. तो आमच्या गणपतीच्या मखराचा होता. दर भाद्रपदात मीच तो गुडघ्यांवर रांगत ओढून काढत होतो.

आमचं घर 1951 सालचं, मॅसॅच्युसेट्समधलं. विकत घेताना होम इन्स्पेक्शन झालं होतं. त्या चाळीस पानी अहवालात एकच ओळ होती, की माळ्यावर सुमारे 4 इंच सुटं इन्सुलेशन, म्हणजे घराची ऊब टिकवणारा थर, आहे. आम्हाला वाटलं, चला, इन्सुलेशन तरी आहे. कसलं आहे हे विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या थंड राज्यांत किंवा कॅनडात पहिल्यांदाच जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधी ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

हे नेमकं आहे काय

त्या खड्यांचं नाव व्हर्मिक्युलाइट. अभ्रकाच्या जातीचं खनिज. भट्टीत तापवलं की पापुद्र्यांमधल्या पाण्याची वाफ होते आणि खडा बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा उलगडून कितीतरी पट फुगतो. लाह्यांची उपमा दिसण्यापुरती नाही, प्रक्रियाही जवळपास तीच. फुगताना तो अळीसारखा वळवळतो, नावही लॅटिनमधल्या अळीवरून पडलं. हलका, न जळणारा आणि स्वस्त. पोतं उघडायचं, वाशांमध्ये ओतायचं, फळीने सारखं करायचं. कारागीरही लागत नाही.

व्हर्मिक्युलाइट स्वतः विषारी नाही. नर्सरीतल्या मातीत ते आजही असतं. घोळ झाला तो खाणीमुळे. माँटाना राज्यात लिबी नावाचं छोटं गाव आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की 1919 ते 1990 या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी 70 टक्क्यांहून अधिक माल या एका खाणीतून आला. आणि त्या डोंगरात व्हर्मिक्युलाइटच्या शेजारीच ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे बारीक तंतूंच्या घातक खनिजाच्या, शिरा होत्या. खणताना दोन्ही मिसळून येत. 1963 पासून खाण डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीकडे होती आणि माळ्यावर टाकायचा माल ‘झोनोलाइट’ नावाने विकला जाई. 1990 मध्ये खाण बंद पडली. लिबीत शाळेच्या धावपट्टीवर आणि खेळाच्या मैदानांतसुद्धा खाणीचा माल पसरलेला होता. 1999 मध्ये वर्तमानपत्रांनी तिथल्या आजारांना आणि मृत्यूंना वाचा फोडली आणि 17 जून 2009 रोजी ईपीएने तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. दूषित जागांच्या सफाईच्या ‘सुपरफंड’ कायद्याखाली ईपीएने अशी आणीबाणी जाहीर करण्याची ती पहिलीच वेळ.

गावी सिमेंटचे पत्रे पाहिलेल्यांना वाटेल, त्यातही ॲस्बेस्टॉस असतोच की, आमचं बालपण त्याखालीच गेलं. खरं आहे. पण त्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात; पत्रा फोडला, कापला किंवा जुना होऊन झिजला की सुटतात. माळ्यावरच्या खड्यांमधले तंतू कशानेच बांधलेले नाहीत. हात फिरवला, खोका ओढला, तरी पुरे. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, तासन्‌तास हवेत तरंगणारे. फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यातून होणारे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसं कडक होत जाणं), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग), दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पट वाढतो.

धोका खडे असण्यात कमी आणि ढवळण्यात जास्त. पुढची प्रत्येक पायरी याच्यावर बेतलेली आहे. माळ्यावर पडून असलेलं, कुणी न हलवलेलं व्हर्मिक्युलाइट रातोरात काही करत नाही. ते काढायला निघालेला हौशी माणूस मात्र एका शनिवारी अख्खं घर खराब करू शकतो.

पहिली पायरी: वर न चढता बघा

घर साधारण 1990 च्या आधीचं असेल तर बघायचंच. झाकण उचलतानाही वरचे खडे खाली सांडू शकतात, म्हणून आधी घरातली हवा खेळवणारं यंत्र, हीटिंग किंवा एसी, बंद करा. खाली जुनी चादर अंथरा. झाकण एका बाजूने अलगद वर करा, मोबाइल आत धरून फ्लॅशवर दोन-तीन फोटो काढा, झाकण ठेवा. संपलं. आत चढायचं नाही, खडा उचलून चोळून बघायचं नाही.

फोटोत काय दिसतं त्यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो. गुलाबी किंवा पिवळा, गादीतल्या कापसासारखा थर असेल तर ते फायबरग्लास. अंगाला खाज सुटते, पण ॲस्बेस्टॉस नाही. राखाडी, चुरगळलेल्या वर्तमानपत्राच्या भुश्यासारखं दिसत असेल तर सेल्युलोज, म्हणजे खरोखरच जुना कागद, आग लागू नये म्हणून बोरेटसारखी रसायनं मिसळलेला. मळकट पांढरा किंवा करडा, गाठी-गाठींचा कापूस असेल तर बहुधा रॉकवूल. आणि वाटाण्याएवढे किंवा त्याहून बारीक खडे, राखाडी-तपकिरी ते चंदेरी-सोनेरी, उजेडात चमकणारे, बाजूने पाहिलं तर पापुद्रे दिसणारे, ओतल्यासारखे सपाट पसरलेले, तर ते व्हर्मिक्युलाइट.

इथे एक फसगत होते. मधल्या काळातल्या एखाद्या मालकाने जुन्या खड्यांवर फायबरग्लासच्या गाद्या अंथरलेल्या असतात. वरून सगळं गुलाबी दिसतं आणि आपण निश्चिंत होतो. म्हणून फोटो काढताना झाकणाच्या कडेच्या फळीजवळ, जिथे थर संपतो तिथे, तळाशी काय चमकतंय ते बघा. आमच्यासारखं केप धाटणीचं घर असेल तर वरच्या मजल्यावर उतरत्या छताच्या कडेला बुटकी दारं असतात आणि त्यामागे बॅगा कोंबायची जागा. तिथेही बघा. आधीच्या घरमालकाने पोतं तसंच ठेवून दिलेलं असेल तर त्यावरचं नाव फोटोत येऊ द्या. त्या फोटोला पुढे पैशांत किंमत आहे.

दुसरी पायरी: काय थांबवायचं

ईपीएचा सल्ला सरळ आहे: व्हर्मिक्युलाइट दिसलं की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच वागा. व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींचाही माल वापरात होता, त्यामुळे तुमचा माल लिबीचा नसेलही. पण नुसतं पाहून ते कळत नाही.

माळ्यावर सामान ठेवणं बंद. मखर, दिवाळीच्या माळा, भारतवारीच्या मोठ्या बॅगा, बाळाचा पाळणा, जे वर आहे ते आता तिथेच राहू द्या. घाईघाईने खाली आणू नका. केबलवाला, एसीवाला, छत दुरुस्त करणारा, कुणीही वर जाण्याआधी त्याला सांगा. मुलांना वर ‘गुहा’ करून खेळू देऊ नका.

आता आपल्या घरांपुरत्या खास गोष्टी. इथल्या काही जुन्या घरांत जिन्याच्या वर छताला मोठा जाळीदार पंखा असतो, होल हाउस फॅन म्हणतात. उन्हाळ्यात तो घरातली हवा माळ्यावर ढकलतो. हा पंखा चालू करायचाच नाही. दुसरं, स्वयंपाकघरातला दणदणीत एक्झॉस्ट. फोडणीच्या ठसक्यासाठी आपण मुद्दाम मोठा हूड बसवतो. तो मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा घराला कुठून तरी आत ओढावी लागते आणि छताला फटी असतील तर त्यातली थोडी माळ्यावरून येते. हूड बंद करा असं नाही, पण चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा. तिसरं, वीज-गॅस कंपनीच्या योजनेतून घराची ऊर्जा तपासणी करून घ्यायला आपल्याला फार आवडतं, फुकट असते म्हणून. त्यात ब्लोअर डोअर चाचणी असते: मुख्य दारात पंखा लावून घरातली हवा बाहेर खेचतात. व्हर्मिक्युलाइटच्या घरात ही चाचणी म्हणजे माळ्याची धूळ बेडरूममध्ये बोलावणं. जाणकार तपासनीस स्वतःच थांबतो. तरी तुम्ही आधीच सांगा.

आणि चिमूटभर खडे खाली सांडलेच तर झाडू नाही, साधा व्हॅक्यूम तर अजिबात नाही, त्याच्या फिल्टरमधून तंतू सहज आरपार जातात. पाण्याचा हलका फवारा मारून ओल्या कागदाने टिपून घ्या, कागद पिशवीत बंद करा. ढीगभर पडले असतील तर खोली बंद करून बाहेर पडा आणि माणूस बोलवा.

मी विचारलेला प्रश्न तुम्हीही विचाराल: दोन वर्षं वर जात होतो, त्याचं काय? डॉक्टरांनी माझ्या नोंदीत ते लिहून घेतलं. वर्षातून दोनदा दहा मिनिटं आणि खाणीत तीस वर्षं यांत फार अंतर आहे, हे समजावलं. लगेच एक्स-रे काढून काहीच दिसत नाही, तेव्हा मागे लागू नका.

तिसरी पायरी: खालून फटी बुजवा

ही पायरी लोक वगळतात, कारण ती फार साधी आहे. काढायचं ठरायला, पैसे जमायला महिने लागतात. तोवर राहायचं याच घरात. म्हणून माळा आणि घर यांच्यातली हवेची ये-जा खालूनच तोडायची. झाकणाच्या कडेला दाराला लावतात ती फोमची पट्टी. दिव्याच्या खाचेभोवती आणि बाथरूमच्या पंख्याच्या चौकटीभोवती कॉक, म्हणजे फटी बुजवायचा चिकट मसाला. छताला गेलेल्या भेगांत फिलर, वर रंग. छतात बसवलेले डब्यासारखे जुने गोल दिवे असतील तर ते भोकं पडलेले डबेच असतात. त्यांना खालून झाकण घालता येतं, पण दिवा किती तापतो ते इलेक्ट्रिशियनला विचारून. छताला नवीन खिळा, हूक, भोक, काही नको.

भिंतीसुद्धा विसरू नका. खडे माळ्यावर ओतले की वरून भिंतींच्या पोकळीतही घरंगळतात आणि काँक्रीटच्या पोकळ विटांच्या भिंतींत तर ते मुद्दाम भरत. पलंगाच्या मागे विजेच्या बोर्डाखाली बारीक चमकती रेघ दिसली तर ती त्यातलीच. बाहेरच्या भिंतींवरच्या बोर्डांच्या प्लेटमागे फोमची चकती मिळते, ती बसवा.

चाचणी करायची की नाही

प्रयोगशाळेला नमुना पाठवणं स्वस्त वाटतं, पण व्हर्मिक्युलाइटच्या बाबतीत ‘सापडलं नाही’ हा निकाल तितकासा भरवशाचा नसतो. तंतू पोत्यागणिक कमीजास्त, जड म्हणून तळाशी साचलेले. वरून मूठभर उचललं तर निसटतात. आणि नमुना घेणं म्हणजे ढवळणं आलंच. माझं मत असं: काढायचंच ठरलं असेल तर ॲस्बेस्टॉस आहे का या चाचणीवर पैसे घालवू नका, आहे असं धरा. चाचणी करायचीच असेल तर राज्याचा परवाना असलेल्या तपासनीसाकडून, तळापासूनचे अनेक नमुने घेऊन.

एक वेगळी चाचणी मात्र कामाची आहे. डब्ल्यू. आर. ग्रेसच्या दिवाळखोरीच्या निकालातून 2014 मध्ये झोनोलाइट ॲटिक इन्सुलेशन ट्रस्ट उभा राहिला. माल झोनोलाइटच होता हे सिद्ध झालं तर तो काढण्याच्या आणि नवीन इन्सुलेशनच्या खर्चातले 55 टक्के, ठरावीक कमाल मर्यादेत, हा ट्रस्ट परत देतो. ही सोय अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. पोत्याचा फोटो असेल तर सोपं, नसेल तर नमुन्यातलं बेरियम मोजून ओळख पटवतात, कारण लिबीच्या मालात बेरियम जास्त असतं. काम सुरू होण्याआधी ट्रस्टचे त्या वेळचे नियम आणि मर्यादा वाचा, फोटो काढा, नमुन्याची सोय करा. एकदा सगळा माल पुरला गेला की सिद्ध काय करणार? घराचा विमा अशा खर्चाला साधारणतः हात लावत नाही, हेही मनात असू द्या.

घर अजून घ्यायचं असेल तर

मग तुम्ही नशीबवान, कारण घासाघीस करायला वाव आहे. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये ॲस्बेस्टॉसची चाचणी नसते. 1978 च्या आधीच्या घरातल्या शिशाच्या रंगाबद्दल विकणाऱ्याने सांगावं असा राष्ट्रीय कायदा आहे, व्हर्मिक्युलाइटबद्दल तसा नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे. म्हणून इन्स्पेक्टरला तोंडी विचारू नका, लेखी विचारा: माळ्यावर, बुटक्या दारांमागे आणि थराच्या तळाशी व्हर्मिक्युलाइट आहे का? असेल तर किंमत कमी करा, किंवा विकणाऱ्याने परवानाधारकाकडून काढून हवेच्या तपासणीचा कागद द्यावा अशी अट घाला. दुसरं बरं. पण ‘मी भाच्याला सांगून काढून घेतो’ असं मालक म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

काढणं

काही राज्यांत मालकाने स्वतःच्या घरातलं काढायला कायद्याची आडकाठी नाही, आणि आपल्यात हाताने करायची हौस दांडगी. तरी नको. एन-95 मास्क यासाठी पुरत नाही; चेहऱ्याला घट्ट बसणारा पी-100 फिल्टरचा मास्क लागतो आणि दाढी असेल तर तोही बसत नाही. काढलेला माल कचऱ्याच्या गाडीत देता येत नाही. आणि 1,000 चौरस फुटांच्या माळ्यावर 4 इंचांचा थर म्हणजे 300 घनफुटांहून जास्त माल, तोही वाकून, छपरातून आलेल्या खिळ्यांच्या टोकांखाली रांगत.

दोन वेगळी माणसं लागतात: काढणारा कॉन्ट्रॅक्टर आणि काम नीट झालं का हे तपासणारा. दोघांचा एकमेकांशी संबंध नसावा. ‘तपासणी आमच्याच पॅकेजमध्ये’ म्हणणारा बाजूला ठेवा. निदान तीन ठिकाणांहून लेखी दर घ्या, परवान्याचा क्रमांक राज्याच्या यादीत ताडून पाहा. आमच्याकडे पहिला आलेला माणूस फोटोही न बघता फोनवरच अर्ध्या किमतीत, एका दिवसात करून देतो म्हणाला. राज्याला कळवणार का विचारल्यावर त्याचा परत फोन आला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा कामाच्या 10 कामकाजाचे दिवस आधी पर्यावरण खात्याला सूचना द्यावी लागते, उद्याच येतो म्हणणाऱ्याला हा एक प्रश्न पुरतो.

काम नीट चालतं तेव्हा असं दिसतं. झाकणाखालची खोली जाड, 6 मिलच्या प्लास्टिकने जमिनीपासून छतापर्यंत मढवतात. हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारा, फिल्टर लावलेलं यंत्र आतली हवा सतत ओढून बाहेर सोडतं, म्हणजे हवा घरातून त्या खोलीत जाते, खोलीतून घरात नाही. प्लास्टिकचा पडदा श्वास घेतल्यासारखा आतल्या बाजूला फुगलेला असतो. तो तसा फुगलेला आहे ना, एवढं तुम्हालाही बाहेरून दिसतं. कामगारांना बाहेर पडायला तीन खण: कपडे काढायचा, अंघोळीचा, स्वच्छ. वर ते मोठ्या नळीने खडे ओढतात, मग वाशांच्या फटी हेपा व्हॅक्यूमने, मग ओल्या फडक्याने, शेवटी उरलेली धूळ जागीच चिकटवणारा फवारा. वर ठेवलेलं सामानही तेच बघतात. आमचं थर्मोकोलचं मखर पिशवीत गेलं, बॅगा पुसून परत मिळाल्या.

घरात कुणी राहायचं नाही. आम्ही तीन रात्री मित्राकडे होतो. तुळशीची कुंडीही नेली, बायकोने ऐकलं नाही.

परत कधी यायचं हे कॉन्ट्रॅक्टरने नाही, तपासनीसाने सांगायचं. तो आधी डोळ्यांनी बघतो, मग पंप लावून हवेचा नमुना घेतो. दर घन सेंटिमीटरला 0.01 तंतूंच्या आत आलं की पास, हा बराच चालणारा निकष. तो कागद हातात येईपर्यंत प्लास्टिक निघता कामा नये आणि शेवटचा हप्ताही देऊ नये.

‘वरूनच नवीन फायबरग्लास टाकून झाकून टाकू’ असंही कुणी सुचवेल. टाकताना ढवळलं जातं, आणि पुढे काढायची वेळ आली की वरचा चांगला मालही ॲस्बेस्टॉसचा कचरा म्हणूनच काढावा लागतो. जागच्या जागी सोडायचं असेल तर काहीच न करता सोडा.

माळा रिकामा झाल्यावर

हा दिवस वाया घालवू नका. घराच्या छताची पाठ तुम्हाला पहिल्यांदाच स्वच्छ दिसते आहे, आणि जे दिसतं ते दुरुस्त करायची वेळ हीच.

आधी इलेक्ट्रिशियन. 1940 च्या सुमारापर्यंतच्या घरांत चिनी मातीच्या गोट्यांवरून ओढलेल्या सुट्या तारा सापडतात, त्यांना नॉब अँड ट्यूब म्हणतात. त्या उघड्या हवेत थंड राहाव्यात म्हणूनच तशा ओढलेल्या असतात. इन्सुलेशनखाली पुरल्या तर तापतात. चालू असतील तर आधी बदला. छतात पंख्यासाठी वजन पेलणारा बॉक्स बसवायचा असेल तर तोही आत्ताच. गरम हवेच्या जुन्या नळ्यांवर पांढरा, नालीदार पुठ्ठ्यासारखा कागद गुंडाळलेला दिसला तर त्यातही ॲस्बेस्टॉस असू शकतो. कॉन्ट्रॅक्टर वर असतानाच त्याला दाखवा. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यावरच सोडून दिलेली असेल, आमची होती, तर ती छताबाहेर काढा, नाहीतर अंघोळीची वाफ थंडीत छताच्या लाकडावर गोठते.

मग हवेच्या फटी. इन्सुलेशन म्हणजे स्वेटर, वारा अडवायला वरून विंडचीटर लागतोच. भिंतींची वरची टोकं, तारांची भोकं, सांडपाण्याच्या पाइपाभोवतीचा मोकळा चौक, हे सगळं फोमने आणि कॉकने बंद करून घ्या. धुरांड्याभोवती फोम नाही, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारा कॉक. छतातले गोल दिवे इन्सुलेशनखाली झाकायला चालतील अशा प्रकारचे, म्हणजे आयसी शिक्क्याचे, बसवा.

शेवटी नवीन माल. इन्सुलेशनची ताकद आर-मूल्यात मोजतात. व्हर्मिक्युलाइटचं इंचाला जेमतेम 2 च्या आसपास, म्हणजे आमच्या 4 इंचांचं 8-9. थंड राज्यांसाठी माळ्याला आज आर-49 ते आर-60 सुचवतात. दोन थंडीत आमचं हीटिंगचं बिल का फुगत होतं, याचा हिशेब त्या आकड्यांतच आहे. फवारायचा सेल्युलोज इंचाला साधारण साडेतीन देतो, तेव्हा 14 इंचांच्या आसपास लागतो. सुटा फायबरग्लास त्याहून जाड थर मागतो. आम्ही सेल्युलोज घेतला: स्वस्त, फटीत नीट बसतो. तो बसकण मारतो, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून बसल्यानंतरची जाडी लिहून घ्या. वाशांवर जाडी मोजायच्या कागदी पट्ट्या ठोकायला सांगा. फवारणी संपल्यावर झाकणातून एक फोटो काढला की पट्टीवरचा आकडा दिसतो.

छपराच्या कडेखालून हवा आत येते ती वाट इन्सुलेशनने बुजू नये म्हणून तिथे पन्हाळीसारखे बॅफल लावतात, ते विसरले तर हिवाळ्यात छपराच्या कडेला बर्फाचे बांध तयार होतात. आणि झाकण: 14 इंच गादीच्या मधोमध उघडी लाकडी फळी असेल तर सगळं मुसळ केरात. त्याच्या पाठीवर जाड फोम चिकटवून घ्या.

खर्चाचा अंदाज कुठल्याही लेखातल्या आकड्यावरून बांधू नका, घराची रचना आणि राज्य यांवर तो फार बदलतो. काही हजार डॉलर मात्र धरून चला. इन्सुलेशनवर मिळणारी राष्ट्रीय करसवलत 2025 च्या अखेरीस संपली. राज्यांच्या आणि वीज-गॅस कंपन्यांच्या योजना अजून ठिकठिकाणी आहेत, काही तर व्हर्मिक्युलाइटचा अडथळा दूर करायलाही हात देतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

कागद एका फायलीत: आधीचे फोटो, परवान्याच्या प्रती, माल कुठे पुरला त्याची पावती, हवेचा निकाल, नवीन इन्सुलेशनचं बिल. माळा साफ झाला तरी भिंतींतले खडे तिथेच असतात, म्हणून आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला आणि विजेच्या मुख्य पेटीच्या दारावर इंग्रजीतून ठळक चिठ्ठी चिकटवली आहे: माळा साफ केला, तारीख अमुक, बाहेरच्या भिंतींत व्हर्मिक्युलाइट असू शकतं, भोक पाडण्याआधी विचारा. पंखा लावायला तोच इलेक्ट्रिशियन परत आला तेव्हा पेटी उघडून त्याने ती आधी वाचली, मग शिडी उचलली.